‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ हे लायसन्स नक्की कोणाच्या फायद्याचं?

धागाकर्ता: एका रिसर्च ग्रुपच्या मेशिंग कोडमध्ये (गणितासाठी आकाराचे छोटे तुकडे पाडणारा प्रोग्राम) बग सापडला, ॲरेचा इंडेक्स शेवटच्या फेरीत एकने पुढे जात होता, एका ओळीत दुरुस्त झाला. पण फाइलच्या डोक्यावरच लिहिलंय की वापर फक्त शैक्षणिक कामासाठी आणि बदललेली प्रत लेखी परवानगीशिवाय कोणाला द्यायची नाही. तीन मेल केले, उत्तर नाही. आता ती ओळ माझ्याकडे पडून आहे आणि बाकीचे त्याच बगवर डोकं आपटतायत. सोर्स बघायला मिळतो म्हणून याला ओपन सोर्स म्हणणं मला अजिबात पटत नाही.

सॉल्व्हरवाला: असहमत. पाच-सहा वर्षं खपून सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, लिहायचा आणि कंपनीने तो फुकटात उचलायचा? आमच्याकडे कंपन्यांच्या फीमधून एका प्रोग्रामरचा पगार निघतो. ग्रँट नव्या पेपरसाठी मिळते हो, जुना कोड सांभाळायला कोणी देत नाही.

पॅकेजर: धागाकर्त्याशी सहमत. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा पाइन हा ईमेल प्रोग्राम घ्या, बदललेली बायनरी (कंपाइल केलेला तयार प्रोग्राम) वाटायला परवानगी नाही म्हणून डेबियन या लिनक्स सिस्टिममध्ये सोर्स आणि पॅच (बदलांच्या फाइली) मिळायचे, कंपाइल ज्याचं त्याने करायचं. शेवटी विद्यापीठानेच पुढचं अल्पाइन, बदलून वाटायची मुभा देणाऱ्या अपाची लायसन्सखाली काढलं.

धागाकर्ता: @सॉल्व्हरवाला, फी घ्या की! एमआयटीचं एफएफटीडब्ल्यू (फूरिये ट्रान्सफॉर्म काढणारा कोड) जीपीएलखाली सगळ्यांना मिळतं, म्हणजे ते वापरून केलेला प्रोग्राम वाटलात तर त्याचा सोर्सही त्याच अटींवर द्यायचा, ज्यांना आपला कोड बंद ठेवायचाय ते एमआयटीकडून वेगळं लायसन्स विकत घेतात.

सॉल्व्हरवाला: ती लायब्ररी आहे, दुसऱ्याच्या प्रॉडक्टमध्ये जाते म्हणून तिथे जमतं. आमचा अख्खा प्रोग्राम आहे. जीपीएल केला तर कंपनी तो आतल्या आत चालवेल, बाहेर काही वाटणारच नाही, मग आम्हाला पैसे का देईल? आणि बदललेल्या प्रती फिरायला लागल्या की चुकीचे रिझल्ट आमच्या नावावर खपतात, निस्तरायचं आम्ही.

धागाकर्ता: पैशांचं पटलं, स्वतंत्र प्रोग्रामला अशा जीपीएल अधिक विकतच्या ड्युअल लायसन्सचा उपयोग नाही. ठेवा मग कंपन्यांवरची अट, डेबियनच्या मेनमध्ये (मुख्य संग्रहात) तो जाणार नाही, कारण कामाच्या क्षेत्रावरून भेदभाव त्यांच्या १९९७ च्या नियमांत बसत नाही. पण नावाच्या भीतीपायी दुरुस्तीच अडवायची हे चूक आहे. बदललेल्या प्रतीला वेगळं नाव द्या अशी अट घाला ना, ती तर डेबियनलाही चालते.