माहितीपट शिकायला परदेशातली कार्यशाळा: जावं का, आणि निवडायची कशी?

उलटीपट्टी: लोकहो, सहा वर्षं संकलन करतेय, बहुतेक जाहिराती. दुसऱ्यांनी काढलेलं जोडून कंटाळा आला. आता दोन-अडीच महिने बाकी सगळं बाजूला ठेवून स्वतः कॅमेरा धरून माहितीपट शिकायचाय. पॅरिसचं आतलिए वारां, क्युबातली फिल्म शाळा आणि डॉकनोमॅड्स ही तीन नावं कानावर आहेत. फ्रेंच जेमतेम, स्पॅनिश शून्य. जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा. नुसतं प्रमाणपत्र नकोय.

गाठोडं: ही तीन नावं एका पंगतीत बसत नाहीत. डॉकनोमॅड्स म्हणजे लिस्बन, बुडापेस्ट, ब्रुसेल्स अशी फिरती दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. शिकवणं इंग्रजीत, पण अडीच महिन्यांचा हिशोब तिथे विसरा. क्युबाची शाळा १९८६ची, सान अंतोनियो दे लोस बान्योसला. कादंबरीकार गार्सिया मार्केस आणि अर्जेंटिनाचे दिग्दर्शक फेर्नांदो बिर्री तिच्या संस्थापकांत. तिथे छोटे अभ्यासक्रमही असतात, पण कारभार स्पॅनिशमध्ये.

तुम्हाला हवंय त्याच्या सगळ्यात जवळ वारां. फ्रेंच माहितीपटकार ज्याँ रूश यांनी १९७८मध्ये मोझांबिकमध्ये तिथल्याच लोकांच्या हाती सुपर ८ (छोट्या फिल्मचे, हलके) कॅमेरे दिले, त्यातून १९८१मध्ये पॅरिसला ही संस्था उभी राहिली. व्याख्यानं कमी. प्रत्येकाने आपली फिल्म करायची आणि रशेस (शूट केलेलं कच्चं चित्रण) सगळ्यांनी मिळून बघायचे. अर्ज करण्याआधी त्या सत्राची भाषा तेवढी विचारून घ्या.

कोरडा_घाट: नका जाऊ. तेवढ्या पैशात स्वतःची फिल्म होते.

बंदरवारा: होते की. पण ती बघून 'छान झालीये' म्हणणारे मित्रच असतात. मी सहा आठवड्यांच्या एका कार्यशाळेला गेले होते (नाव नको, व्यवस्था यथातथाच होती). पैसे वसूल झाले ते रोज संध्याकाळच्या रशेसमध्ये.

एका बंदरावर जाळी दुरुस्त करणाऱ्या बाईंवर मी फिल्म करत होते. भाषा येत नव्हती, सोबत दुभाषी. बाई वीसेक मिनिटं बोलल्या, दुभाषी म्हणाला, 'मुलाबद्दल सांगतायत.' मी आपली त्यांच्या बोटांवर. बोटं सुंदरच होती, सुई सरसर फिरत होती. पुढे शब्दशः भाषांतर हातात आलं तेव्हा कळलं, गावातल्या कुणाला जाळं विकणार नाही आणि का, ते त्या सांगत होत्या. मुलगा त्यात होता, पण कसा! मधे त्या थांबल्या, दाराकडे बघत राहिल्या, आणि माझ्या फ्रेममध्ये फक्त थांबलेली सुई. रशेसमध्ये बाई (आमच्या शिक्षिका) म्हणाल्या, "त्या काय बोलतायत ते तुला कळत नव्हतं, मान्य. पण त्या थांबल्या हे तरी कळलं ना? मग कॅमेरा चेहऱ्याकडे वर का नाही नेलास?" दोन दिवस झोप लागली नाही.

म्हणून शहर आणि नाव नंतर बघा. आधी विचारा: रशेस रोज कोण बघतं, किती वेळ बघतं? दुभाषी पूर्ण वेळ मिळतो की उसना? झालेल्या फिल्मचे हक्क कुणाकडे? आणि मागच्या वर्षीच्या फिल्मा मागवून बघा. सगळ्या एकाच साच्यातल्या वाटल्या तर राम राम करा.

उलटीपट्टी: बंदरवारा, हे वाचून पोटात गोळा आला. विषय आधीच ठरवून जायचं का?

बंदरवारा: दोन-तीन मनात ठेवा, जीव एकावरही लावू नका. तिथे गेल्यावर माणूस मिळतो तो वेगळाच. आणि तुम्ही संकलक आहात, तेव्हा एक धोका सांगते. कट (शॉट कुठे तोडायचा ते) डोक्यात बसला की तुमचा अंगठा बटणावर जाणार. माहितीपटात बरंचसं त्यानंतर घडतं. अर्ज भरण्याआधी एका जागी तासभर बसा, सलग शूट करा.

गाठोडं: सामानाबद्दल थोडं. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, प्रत्येकी १०० वॉट-तासांपर्यंत. त्यावर १६०पर्यंतच्यांना विमान कंपनीची परवानगी लागते. ५० हर्ट्झच्या विजेच्या देशात शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा, नाहीतर चित्रात ट्यूबलाइट फडफडते. व्हिसा पर्यटकाचा चालतो का, हे संस्थेकडून लेखी घ्या. आणि आवाज! घरात शूट करताना फ्रिज बंद करायचा आणि स्वतःच्या खोलीची किल्ली त्यातच ठेवायची. म्हणजे चालू केल्याशिवाय निघताच येत नाही.

कोरडा_घाट: किल्ली फ्रिजमध्ये, हे आवडलं. बाकी माझं मत कायम.

उलटीपट्टी: सगळ्यांचे आभार. वारांला मेल टाकलाय, रशेसचा आणि भाषेचा प्रश्न सगळ्यात वर. आणि बंदरवारा, तासाचा प्रयोग केला. सायकल दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांपाशी बसले. सात वेळा कॅमेरा बंद केला. पाचव्यांदा बंद केला तेव्हा ते पंक्चर काढून चाक फिरवून बघत होते, आणि चाक थांबेपर्यंत काहीतरी गुणगुणत होते. माझ्याकडे फक्त पंक्चर आहे.