मदत हवी आहे: मुलीसाठी जर्बिलची जोडी घ्यायची आहे, आधी काय काय बघावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. लेक नऊ वर्षांची आहे आणि घरात एखादा प्राणी हवा, हा तिचा हट्ट आता मलाही पटला आहे. कुत्र्या-मांजराला घरमालक तयार नाहीत, पिंजऱ्यातल्या छोट्या प्राण्याला त्यांची हरकत नाही. आधी हॅमस्टर डोक्यात होता, पण तो दिवसभर झोपणार आणि लेक झोपली की उठणार. जर्बिल (लांब शेपटीचे, उंदरासारखे छोटे प्राणी) दिवसाही अधूनमधून जागे असतात, जोडीने राहतात, म्हणून आता ठरलंय ते त्यांचंच.

मूळचा मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या माळरानावरचा प्राणी, ब्रिटनमध्ये १९६४ साली आला, इतपत वाचून झालंय. प्रत्यक्ष पाळलेल्यांकडून हवंय ते असं:

दुकानदार तारेचा, प्लॅस्टिकच्या तळाचा पिंजरा पुरेल म्हणतो. पुरेल का? त्यांना झटके येतात असंही वाचलं. मुलीसमोर असं झालं तर काय करायचं? डिसेंबरात आम्ही तीन आठवडे पुण्याला जातो, तेव्हा त्यांची सोय कशी लावायची?

आणि मुख्य प्रश्न. जवळच्या प्राणी-निवारा केंद्रात दोन सख्खे भाऊ आहेत, वय दीड वर्ष. आम्ही बघून आलो. त्यातल्या एकाने पुठ्ठ्याची नळी पुढच्या पंजांत धरली आणि काठापासून कुरतडत आमच्यासमोर तिचा भुगा केला. दुसरा तो भुगा तोंडात भरून बिळात नेत होता. लेक तिथून हलायला तयार नव्हती. पण जर्बिल जगतात तीन-चार वर्षं. म्हणजे हे दोघं फार तर दोन-अडीच वर्षांचे सोबती. नऊ वर्षांच्या मुलीसाठी हे योग्य आहे, की दुकानातून पिल्लंच आणावीत? नवऱ्याचं मत पिल्लांच्या बाजूने आहे, माझा जीव त्या दोघांत अडकलाय.

प्रतिसाद

ताई, ते दोघं भाऊच आणा. आमच्याकडे जर्बिल बरीच वर्षं आहेत, म्हणून कारणासकट सांगते.

जर्बिलच्या बाबतीत सगळ्यात अवघड काम म्हणजे जोडी जमवणं. अनोळखी मोठे जर्बिल एका टाकीत सोडले तर ते एकमेकांना जिवे मारू शकतात, कारण आपलं-परकं ते वासावरून ठरवतात. तुम्हाला जमलेली जोडी आयती मिळतेय, शिवाय दोन्ही नर आहेत याची केंद्राने खात्री केलेली असते. माझ्या मैत्रिणीला दुकानातून ‘दोन बहिणी’ म्हणून दिलेल्या जोडीला महिन्याभरात पाच पिल्लं झाली. मादी विते २४ ते २६ दिवसांत आणि वितल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते, तेव्हा विचार करा. नरांच्या जोड्या टिकतातही चांगल्या.

वयाबद्दल: पिल्लू आणलं तरी लेक बारा-तेराची असताना तो दिवस येणारच. मुलांना खरं सांगितलं की ती समजून घेतात. जास्त काळजी मागे राहिलेल्या दुसऱ्याची करा. त्याला नवा जोडीदार द्यायचा तर टाकीत मध्ये जाळी लावून, दिवसातून अनेकदा बाजू बदलत, आठवडा-दोन आठवडे वास ओळखीचा करावा लागतो. तरीही खात्री नसते. म्हातारा असेल तर त्याच्याशी तुम्हीच जास्त वेळ घालवा.

तारेचा पिंजरा नको. जर्बिलला उंची-मजल्यांपेक्षा खोलवर बीळ उकरायला जागा लागते. साधारण १०० बाय ५० सेंटीमीटर तळाची काचेची टाकी घ्या, वर जाळीचं झाकण हवंच, कारण ते चांगली उडी मारतात. आत किमान २५-३० सेंटीमीटर बेडिंग: कागदी किंवा अॅस्पेनचा भुसा, मधेमधे वाळलेल्या गवताचे थर, म्हणजे बीळ कोसळत नाही. देवदार आणि कच्च्या पाइनचा भुसा टाळा. बीळ नसलं की ते कोपऱ्यात तासन्‌तास एकसारखं उकरत बसतात, लोकांना तो खेळ वाटतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की उकरायला नुसती वाळू देऊन ही सवय जात नाही; तयार बोगदा आणि आत आडोशाची खोली मिळालेल्या पिल्लांना ती लागत नाही. तेव्हा पहिल्या दिवशीच पुठ्ठ्याची नळी तिरपी पुरून आत एक लाकडी खोकं गाडून ठेवा.

फ्लॅट म्हणालात म्हणून विचारते, कपडे घरातच वाळत घालता का? टाकी त्या खोलीत ठेवू नका. हवेतला दमटपणा ५० टक्क्यांच्या वर राहिला की त्यांची लव तेलकट, चिकट होते. (मुंबईत किंवा कोकणपट्टीत जर्बिल पाळायचा विचार कुणी करत असेल तर म्हणूनच नको म्हणेन.) अंघोळ पाण्याने कधीच नाही, वाळूचं भांडं ठेवायचं. पळायचं चाक भरीव पाठीचं, २८ सेंटीमीटरचं. गजांच्या चाकात शेपूट अडकते. आणि लेकीला आधी हे शिकवा: शेपटीला धरायचं नाही. शेपटीची कातडी निसटून येते आणि ती परत येत नाही. दोन्ही हातांची ओंजळ करून उचलायचं.

झटके येतात, बऱ्याचदा आनुवंशिक असतात, नव्या जागेने किंवा हाताळण्याने सुरू होतात. अलगद टाकीत ठेवायचं, दिवा मंद करायचा, हात लावायचा नाही. बहुतेकदा काही मिनिटांत सावरतो.

पुण्याला जाताना मित्रांकडे अख्खी टाकी हलवा आणि निघण्याआधी ती घासूनपुसून लख्ख करू नका. सगळा वास गेला की भाऊसुद्धा भांडतात. एरवीही बेडिंग बदलताना निदान एक तृतीयांश जुनं ठेवायचं. खाण्यात सूर्यफुलाच्या बिया मोजक्याच. पक्ष्यांसाठी राळ्याची वाळलेली कणसं मिळतात, ती टांगून ठेवा. दाणा काढण्यात त्यांचा वेळ छान जातो.

प्रतिसाद

वाचणाऱ्यांपैकी कुणी कॅलिफोर्निया किंवा हवाईत असेल तर लक्षात असू द्या, तिथे जर्बिल पाळायला कायद्याने बंदी आहे. पळून गेले तर तिथल्या हवामानात तगतील आणि शेतीचं नुकसान करतील, ही भीती त्यामागे आहे.

धागाकर्ती

मनापासून आभार. कपडे आम्ही बैठकीच्या खोलीतच वाळत घालतो, तेव्हा टाकी लेकीच्या खोलीत जाईल. नवऱ्यालाही जोडी जमवायची अडचण पटली. केंद्राला फोन करून दोघांना राखून ठेवायला सांगितलंय, आधी टाकी भरून तयार करतो.

एक राहिलं: लहान प्राण्यांचा व्हेट आधीच शोधून ठेवावा का?

प्रतिसाद

हो, आजच. फोनवर थेट विचारा की जर्बिल नेहमी तपासता का. सगळे तपासत नाहीत. आणि नर आहेत तर आठवड्यातून एकदा पोटाकडे बघत जा. पोटाच्या मधोमध त्यांची वासाची ग्रंथी असते, केस नसलेली लांबट पट्टी. उतारवयात तिथे गाठ होते. ती सुजलेली, खपली धरलेली किंवा ओली दिसली तर थांबू नका, लवकर कळलं तर शस्त्रक्रियेने काढता येते.