समता, समानता की समन्यायी?

नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी 'सामाजिक न्याय' या घटकाचं टिपण मराठीत करायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडकले. इक्वॉलिटीला 'समानता' लिहिलं. इक्विटीला, म्हणजे ज्याची जशी गरज तसं देण्याला, एका पुस्तिकेत 'समता' आहे, दुसरीत 'समदृष्टी', तिसरीत देवनागरीत 'इक्विटी' लिहून मोकळे झालेत. उद्या एखाद्या छात्राध्यापकाने समता आणि समानता यांतला फरक विचारला तर काय सांगू?

प्रतिसाद १
फरक नाही असंच सांगा. राज्यघटनेच्या उद्देशिकेत 'दर्जाची व संधीची समानता' आहे, चळवळीच्या बोलण्यात 'समता' जास्त. लोक दोन्ही एकाच अर्थाने वापरतात. आपण टिपणात भेद पाडला तर तो परीक्षेपर्यंत टिकेल, पुढे नाही. 'समदृष्टी' मात्र नकोच. त्यात सगळा भर बघणाऱ्याच्या मनावर. 'मी सगळ्यांना सारखंच बघतो' असं कुठलाही शिक्षक छातीठोकपणे सांगेल, आणि ते खोटंही नसेल!

प्रतिसाद २
आपल्याकडे तयार शब्द आहे की: समन्यायी. पाणीवाटपाच्या चर्चांतून तो चांगला रुळला आहे. 'समन्यायी पाणीवाटप' म्हटलं की कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी आठवतो, ज्याच्यापर्यंत पाणी पोचतच नाही. वर्गात वाटायची गोष्ट म्हणजे शिक्षकाचं लक्ष, आणि तेही वरच्या अंगालाच मुरतं.

मी सराव पाठांच्या निरीक्षणाला बसतो तेव्हा वहीत बाकांचा नकाशा काढतो आणि प्रश्न ज्याला गेला त्याच्या चौकोनात एक रेघ मारतो. परवाच्या पाठात २२ प्रश्न झाले, त्यातले १७ पुढच्या दोन रांगांत. पाठ टाचण उत्तम होतं, बोलणंही गोड. नकाशा दाखवल्यावर पाठ घेणारी मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं, मी सगळ्यांनाच विचारतेय."

१९७० च्या दशकात मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधकांनी वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या होत्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबायचे. ज्यांच्याकडून अपेक्षा कमी, त्यांच्यासाठी त्याहून कमी. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. सगळ्यांना एकेक सेकंद देणं ही समानता झाली. ज्याला घरच्या भाषेतून शाळेच्या भाषेत यायचंय त्याला चार सेकंद देणं, हे समन्यायी.

मूळ प्रश्नकर्ती
पटलं. पण नाम काय करायचं? 'समन्यायिता' म्हणताना जीभ अडखळते.

प्रतिसाद २
नाम हवंच कशाला? समन्यायी अध्यापन, समन्यायी मूल्यमापन. इंग्रजीत नाम आहे म्हणून मराठीतही पाडायचं, ही खोड भाषांतराची.

प्रतिसाद ३
विषयाला थोडं सोडून, पण टिपणात 'दुर्बल घटकांतील मुले' असेल तर तेही तपासा. 'दुर्बल'मध्ये उणीव मुलाच्या अंगात जाऊन बसते. 'वंचित' संस्कृतातल्या 'वञ्च्' धातूवरून आला आहे, अर्थ फसवणे. वंचित म्हणजे मुळात फसवला गेलेला. कर्मणी रूप आहे, म्हणजे वाक्यात कर्ता कुठेतरी दडलेला असणार. 'मागे पडलेली मुलं' म्हटलं की कर्ता गायब. जणू ती आपापलीच पडली.

प्रतिसाद १
व्युत्पत्ती बरोबर, पण आज 'वंचित' ऐकून फसवणूक कुणाला आठवत नाही. शिवाय मुलाच्या तोंडावर यातला कुठलाच शब्द वापरू नका.

मूळ प्रश्नकर्ती
शीर्षक ठरलं: 'समन्यायी वर्ग'. व्याख्या खाली ढकलली, आधी बाकांचा नकाशा. निरीक्षण तक्त्यात एक रकाना वाढवला. आधी 'किती वेळ थांबला?' लिहिलं होतं, मग लक्षात आलं की आमच्या तुकडीत मुलीच जास्त. आता 'किती वेळ थांबलात?' केलंय.