मदत हवी आहे: हार्टब्लीडनंतर डेटाबेस सर्व्हरची प्रमाणपत्रे कोणत्या क्रमाने बदलावीत?
नमस्कार. आमच्या एका जुन्या पोस्टग्रेस डेटाबेस सर्व्हरवर ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीची, हार्टब्लीड (२०१४) ही सुरक्षा-त्रुटी असलेली आवृत्ती सापडली. तिच्यामुळे एकेका विनंतीत मेमरीतील ६४ केबीपर्यंत मजकूर, प्रसंगी प्रमाणपत्राची गुप्त खासगी किल्लीसुद्धा, बाहेर जाऊ शकते. पॅकेज अद्ययावत केले, तरी एलएसओएफ या (उघड्या फाइली दाखवणाऱ्या) आदेशाच्या यादीत जुन्या लायब्ररीपुढे ‘डीईएल’ (फाइल हटवलेली) दिसते, म्हणजे चालू प्रोसेस अजून तीच वापरत असल्याने रीस्टार्ट अटळ आहे. खरी अडचण पुढची आहे: किल्ली गळली असू शकते, म्हणून प्रमाणपत्रही बदलायचे आहे. रेप्लिका (डेटाबेसची प्रत ठेवणारे सर्व्हर) मुख्य सर्व्हरचे, त्याची ओळख पटवणारे स्वस्वाक्षरित प्रमाणपत्र तपासूनच जोडल्या जातात, तेव्हा नवे प्रमाणपत्र आधी त्यांच्या विश्वसनीय प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये घालून मगच मुख्य सर्व्हरवर बसवले, तर रेप्लिकेशन अखंड राहील का? पासवर्ड मात्र सर्वांत शेवटी बदलावेत, अन्यथा नवेही त्याच वाटेने गळतील, असे माझे मत आहे. अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.