संरक्षित क्षेत्राचा वर्ग उद्दिष्टावर ठरावा की नियमांवर?

पाणथळ:
इंग्लंडमधलं लेक डिस्ट्रिक्ट आणि अमेरिकेतलं यलोस्टोन, दोन्ही 'राष्ट्रीय उद्यानं'. पण लेक डिस्ट्रिक्टमध्ये गावं आहेत, शेती आहे, मेंढ्या चरतात. नावांचा हा गोंधळ निस्तरायला आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने १९९४ मध्ये सहा वर्ग ठरवले, २००८ मध्ये ते सुधारले. त्यानुसार यलोस्टोन दुसऱ्या वर्गात येतं (मोठी नैसर्गिक परिसंस्था राखणं), लेक डिस्ट्रिक्ट पाचव्या (माणसाच्या वावरातून घडलेला भूप्रदेश राखणं). इथवर मला मान्य आहे.

अडचण पुढे आहे. वर्ग ठरतो व्यवस्थापनाच्या उद्दिष्टावरून, आणि तो सहसा त्या त्या देशाचं सरकारच कळवतं. बऱ्याच क्षेत्रांचा तर कळवलेलाच नसतो. युरोपात अशी सागरी संरक्षित क्षेत्रं आहेत, जिथे तळ खरवडत जाणाऱ्या जाळ्यांना आजही परवानगी आहे. २०३० पर्यंत जगातली ३० टक्के जमीन आणि समुद्र राखायचं २०२२ मध्ये देशांनी मिळून ठरवलं. त्या हिशेबात असा समुद्रही धरला जातो. म्हणून वर्ग तिथे कशाला परवानगी आहे यावरून द्यावा. सागरी क्षेत्रांसाठी २०२१ मध्ये अशी चार पातळ्यांची पद्धत मांडली गेली: पूर्ण, उच्च, सौम्य आणि किमान संरक्षण. जमिनीवर का नको?

कातळसडा:
अजिबात पटलं नाही. वर्ग म्हणजे प्रगतिपुस्तक नव्हे. क्षेत्र कसं चाललंय हे तपासायला आययूसीएनचीच 'ग्रीन लिस्ट' वेगळी आहे. दोन्ही एकत्र केलंत की काय होईल बघा. २००० साली जॉर्डनमधल्या अम्मानला झालेल्या आययूसीएनच्या अधिवेशनात पहिल्या चार वर्गांत खाणकाम नको अशी शिफारस झाली. उद्या नियम सैल करून वर्ग उतरवता आला, तर खाण हवी असलेलं सरकार आधी तेच करेल.

पाणथळ:
पण २०१६ च्या हवाई अधिवेशनात ती शिफारस सगळ्याच वर्गांसाठी विस्तारली ना? वर्ग उतरवून मग काय साधणार?

कातळसडा:
शिफारस म्हणजे कायदा नाही. जिथे देशाने स्वतःच्या कायद्यात वर्गाचा आधार घेतलाय, तिथे वर्ग बदलला की कायद्याचं कवच पातळ होतं. ही भीती मला खरी वाटते.

रानवाट:
तुमच्या दोघांच्याही बोलण्यात एक गृहीत आहे, ते मला खटकतं. पहिला वर्ग वरचा, सहावा खालचा! मार्गदर्शिकेत अशी उतरंड नाही. सहाव्यात लोक जंगलातून मर्यादेत उपज घेतात. ब्राझीलच्या अमेझॉनमध्ये आदिवासींच्या हक्काच्या जमिनींवर जंगलतोड आजूबाजूच्यापेक्षा कमी दिसते, आणि ते लोक तिथेच राहतात, शिकार करतात, शेती करतात. पाणथळ, तुमच्या परवानगीच्या मोजपट्टीवर ते 'सौम्य संरक्षण' ठरतील आणि कुंपण घातलेलं ओसाड रान 'पूर्ण'. हा त्यांच्यावर अन्याय आहे. कारभार कोणाकडे, सरकारकडे, समूहाकडे, खासगी की मिळून, हे २००८ पासून वर्गासोबत नोंदवता येतं. आधी ती नोंद सगळीकडे सक्तीची करा.

पाणथळ:
रानवाट, मुद्दा मान्य. घरापुरती शिकार आणि औद्योगिक मासेमारी एकाच रकान्यात टाकणं चूकच; मोजायचं ते वापराचं प्रमाण आणि त्याचा आघात. कातळसडा, तुमच्या भीतीवर मात्र माझं उत्तर आहे: उद्दिष्टाचा वर्ग जसा आहे तसा राहू द्या, शेजारी परवानगीचा दुसरा रकाना द्या.

कातळसडा:
दुसरा रकाना चालेल, पण अख्ख्या क्षेत्राला एकच उत्तर नको. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या सागरी क्षेत्रात कुठे काय चालेल याचे पट्टे २००४ साली नव्याने आखले आणि सुमारे एक तृतीयांश भागात मासेमारी पूर्ण बंद झाली. कायद्याने आखलेल्या पट्ट्याला स्वतंत्र वर्ग देण्याची सोय आजही आहे. परवानगीही पट्ट्यागणिक नोंदवा, नकाशासकट. तेवढं होणार असेल तर माझा विरोध मागे घेतो.