मदत हवी आहे: मोठ्या चौकटींची मराठी शब्दकोडी

आमच्याकडे सकाळचा चहा आणि पेपरातलं शब्दकोडं एकत्रच. आडवे शब्द बाबांचे, उभे आईचे. सुडोकू लेकीचं, 81 घरं थेट पेनाने भरते! परवा 'स्वयंपाक'मधल्या 'स्व'ला घरं किती, यावरून दोघांची जुंपली. (जोडाक्षराला एकच. आई जिंकली.)

पण बाबांना आता चौकटीतले बारीक आकडे दिसत नाहीत. मी झेरॉक्स मोठी करून आणते, पण रोज जमत नाही. अप्पा बळवंत चौकात दोन-तीन दुकानं पालथी घातली, मनासारखं मिळालं नाही. ठळक छपाईचं मराठी शब्दकोड्यांचं पुस्तक पुण्यात कुठे मिळेल? कोथरूडकडे असेल तर उत्तमच. उत्तरं मात्र त्याच पानावर नकोत, बाबा चोरून बघतात.