'ॲट लार्ज' सदस्याला मराठीत काय म्हणावं?

हर्नडनवासी: फेअरफॅक्स काउंटीच्या (व्हर्जिनिया) स्कूल बोर्ड निवडणुकीवर पानभर मराठी माहितीपत्रक करतोय. इथलं नागरिकत्व घेतलेले पण इंग्रजी कागद बघितला की चष्मा काढून ठेवणारे आपले ज्येष्ठ आहेत, त्यांच्यासाठी. बोर्डाच्या १२ जागा, दर ४ वर्षांनी, मागची निवडणूक २०२३च्या नोव्हेंबरात. हंटर मिल, सली, ब्रॅडॉक अशा ९ विभागांतून एकेक सदस्य आणि ३ 'ॲट लार्ज', म्हणजे सबंध काउंटीने निवडायचे. शब्दकोशात 'ॲट लार्ज'ला 'मोकाट' दिलंय! सुचवा.

कृष्णाकाठ: 'थेट सदस्य'. आपल्याकडे थेट सरपंच, थेट नगराध्यक्ष असतात ना. अख्खं गाव मत देतं.

लिंबूटिंबू: ते थेट का, तर आधी सदस्य मिळून सरपंच निवडायचे म्हणून. इथे बाराही जण थेटच निवडून येतात. उलट १९९२पर्यंत व्हर्जिनियात बोर्ड नेमलंच जायचं, कायदा बदलल्यावर फेअरफॅक्सला १९९५मध्ये पहिली निवडणूक झाली. तेव्हा सगळेच 'थेट' झाले म्हणायचे.

हर्नडनवासी: बरोबर. मसुद्यातला आणखी एक भाग टाकतो, त्यावरून घरात वाद झालाय: "मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष नसतो. उभं राहायला १२५ मतदारांच्या सह्या लागतात. मात्र बहुतेक उमेदवार डेमोक्रॅट किंवा रिपब्लिकन पुरस्कृत असतात." आमच्या सासूबाई म्हणाल्या, एवढे पुरस्कार मिळालेत तर चांगलीच माणसं असतील!

बखरबहाद्दर: सासूबाईंना दंडवत. पण शब्द चोख आहे. पुरस्कार म्हणजे मुळात पुढे करणं. विधवाविवाहाचा पुरस्कार केला, असं आपण शाळेत लिहायचो, तिथे कुणी शाल-श्रीफळ दिलं नव्हतं. बक्षीस हा अर्थ मागाहून चिकटला.

रेवा_८१: मागाहून असेल, पण आज तोच पहिला डोक्यात येतो. पत्रक मतदारांसाठी आहे की व्युत्पत्तीसाठी? सरळ 'पक्षाचा पाठिंबा असलेले' लिहा.

कृष्णाकाठ: ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, म्हणून दर निकालाला पेपरात 'अमुक पक्ष पुरस्कृत पॅनेल विजयी' छापून येतं. त्यात कोण गोंधळतं? आमच्या गावात तर एकाच पक्षाची दोन पॅनेलं होती आणि दोन्ही पुरस्कृत.

रेवा_८१: दोन्ही? मग पुरस्काराची किंमत कळलीच.

लिंबूटिंबू: मला 'स्कूल बोर्ड'च खटकतंय. मराठी माणसाला बोर्ड म्हणजे दहावी-बारावी. 'शाळा मंडळ' का नाही?

बखरबहाद्दर: कारण स्कूल बोर्ड हा आपलाच जुना शब्द आहे! १९४७च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांत स्कूल बोर्डं होती, १९६२ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा तो कारभार त्यांच्याकडे गेला. माझे आजोबा बोर्डाचे मास्तर. बदलीचा हुकूम बोर्डाच्या चेअरमनच्या मर्जीवर असे. आजी सांगायची, त्या माणसाच्या घरी लग्न निघालं की मास्तर मंडळी वाढपी.

नेमके: फेअरफॅक्सचं बोर्ड मास्तरांच्या बदल्या करत बसत नाही, ते अधीक्षक नेमतं, धोरण आणि अंदाजपत्रक ठरवतं. कर लावायचा अधिकार मात्र त्याला नाही, पैसा काउंटीच्या सुपरवायझर्सकडून, म्हणजे काउंटीचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाकडून येतो. म्हणजे सत्ता आपल्या स्कूल बोर्डासारखी नव्हेच. आणि बाराजणांशिवाय एक विद्यार्थी प्रतिनिधीही बसतो, त्याला मत नसतं. त्याला 'स्वीकृत सदस्य' म्हणता येईल का?

रेवा_८१: नको हो, स्वीकृत म्हटलं की पडलेला उमेदवार मागच्या दाराने आला असं वाटतं.

हर्नडनवासी: मंडळी, ॲट लार्जचं काय? मतपत्रिकेवर 'जास्तीत जास्त तिघांना' असतं, लोक एकावर खूण करून उठतात, म्हणून नीट सांगायचंय.

कृष्णाकाठ: मग शब्द कशाला हवा? 'काउंटीभरचे तीन' म्हणा, खाली लिहा: तीन खुणा करता येतात.

बखरबहाद्दर: काउंटीभरचे? 'परगणाभरचे' म्हणा की. परगणा शिवकाळापासून आहे.

लिंबूटिंबू: परगणा फारसी. 'जिल्हा' बरा.

बखरबहाद्दर: आणि जिल्हा काय ज्ञानेश्वरीतून आलाय? अरबी आहे तो.

नेमके: तालुकाही.